कॅचरची साक्ष

क्लेटसनं टाकलेला चेंडू बॅटवाल्यापुढच्या 'होम'च्या पांढऱ्या पाटीच्या हातभर अलीकडेच जमिनीवर आपटला. धुळीचा लोट उठला. पाटीमागे उकिडव्या बसलेल्या कॅचरनं, व्हर्जिलनं, छाती पुढे करून तो कसाबसा अडवला, आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यामागून अंपायर म्हणून उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांचा खणखणीत आवाज आला, "स्ट्राइक!"

बॅट घेऊन उभा असलेला पाहुण्या संघाचा खेळाडू सावकाश मागे वळला.

"लिएंडरकाका, चेंडू जमिनीला लागला. धूळ उडाली. माझ्या तोंडात गेली ती."

"धुळीबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही," लिएंडर टरहार म्हणाला. "तोंड मिटून उभा राहा, म्हणजे जाणार नाही."

पिचर क्लेटस टोपी काढून डोकं खाजवायला लागला. फुकट मिळालेलं तो कधी सोडत नसे, पण इतकं फुकट घ्यायची त्यालासुद्धा लाज वाटली. व्हर्जिलनं जाळीच्या मुखवट्याआडून मागे पाहिलं. बाबा नेहमीसारखेच उभे होते, पाय रोवून, हनुवटी वर. फक्त त्यांची नजर चेंडू जिथे होता तिथे नव्हती. ती मक्याच्या शेताकडे कुठेतरी होती.

अडतीस वर्षांच्या व्हर्जिलला त्या क्षणी कळलं. बाबांना दिसत नव्हतं.

सेंट उर्सुला या गावात, आणि मिनेसोटातल्या आजूबाजूच्या सात-आठ गावांत, रविवारी दोनच गोष्टी होत. सकाळी प्रार्थना आणि दुपारी बेसबॉल. प्रार्थनेला एखाद्यानं दांडी मारली तर फादर समजून घेत. दुपारी मारली तर कुणीच समजून घेत नसे. आणि पिचरनं टाकलेला चेंडू बॅटवाल्याच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीतून गेला की बाहेरून, म्हणजे स्ट्राइक की बॉल (तीन स्ट्राइक झाल्या की बॅटवाला बाद), हे एकतीस वर्षं लिएंडर टरहार ठरवत आला होता.

बापानं मुलाच्या सामन्यात अंपायर व्हायचं, हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत चाललं नसतं. लिएंडरला मात्र पाहुणे संघच आग्रहानं मागून घेत. कारण मुलाच्या संघाशी तो इतका कडक वागे, की तो अंपायर असला म्हणजे आपल्या नऊ जणांना दहावा खेळाडू मिळाला असं ते धरून चालत. एकदा गावजत्रेच्या सामन्यात त्यानं खुद्द फादरना बाद दिलं होतं. पुढच्या शनिवारी पापांची कबुली द्यायला गेला तेव्हा फादरनी त्याला तीन माळा जपायची शिक्षा दिली. लिएंडरनं तीनही माळा गुडघ्यावर बसून जपल्या, उठला, आणि जाता जाता पडद्यापाशी तोंड नेऊन म्हणाला, "तरीपण बाद म्हणजे बादच, फादर."

घरी बेचाळीस गाई. पहाटे आणि संध्याकाळी बाप-लेक शेजारी शेजारी बसून दूध काढायचे. गोठ्यात रेडिओवर मोठ्या संघांचे सामने लागलेले असायचे, आणि दोघांचं बोलणं व्हायचं ते तेवढ्याच विषयावर. दुसरा विषय कधी निघालाच तर तो बेसबॉलच्या आडून निघे. व्हर्जिलनं आपलं लग्न ठरल्याचं बापाला सांगितलं तेव्हा लिएंडरनं गाईच्या पाठीवरून मान वर केली आणि एवढंच विचारलं, "रविवारी नाही ना?"

त्या धुळीच्या स्ट्राइकनंतर व्हर्जिल डोळे उघडे ठेवून वावरायला लागला. आणि एकेक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. सकाळी पेपरातले सामन्यांचे आकडे बाबा मोठ्यानं वाचून दाखवायचे, हल्ली ते म्हणायचे, "तू वाच, माझी कॉफी निवतेय." गावात जाताना बाबा पिकअप अगदी कडेनं चालवत. उजवं चाक खडीवर करकरलं, की आपण रस्त्यावर आहोत हे त्यांना कळत असे.

त्यानं आईला गाठलं. फिलोमिना ओट्याशी बटाटे सोलत होती.

"आई, बाबांना दिसत नाहीये."

"आत्ता कळलं?" ती म्हणाली. "इस्टरच्या आधी खुंटीवरच्या माझ्या कोटाशी पंधरा मिनिटं मक्याच्या भावाबद्दल बोलत होते. कोटानं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, त्यामुळे दिवसभर खुशीत होते."

"मग डॉक्टरकडे का नेत नाहीस?"

"नेते की! तू हात धर, मी पाय धरते." तिनं सुरी खाली ठेवली. "अरे, एकतीस वर्षं लोक कुंपणाबाहेरून काय ओरडतायत त्यांना? 'लिएंडर, चष्मा लाव!' आणि एकतीस वर्षं ते काय म्हणतायत? की चष्मा तुम्ही लावा. आता एका रविवारी चष्मा लावून मैदानात उतरायचं म्हणजे आठ गावांची माफी मागण्यासारखंच झालं. मरतील, पण लावणार नाहीत."

व्हर्जिलला हे पटलं. बापाला तो ओळखून होता. अंपायरकी सोडा असं सांगणं म्हणजे गाई विका असं सांगण्यासारखं होतं. आणि काही न सांगता बसलं तर दोन-तीन रविवारांत सगळ्या मुलखात हसं होणार, हेही दिसत होतं.

पुढच्या रविवारी क्लेटसचा पहिला चेंडू आला तो बराच बाहेरून. व्हर्जिलनं तो झेलला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "बाहेर."

मागून आवाज आला, "कॅचर, तोंड बंद ठेव." आणि लगेच, मोठ्यानं, "बॉल!"

मैदानावर लिएंडर त्याला नावानं कधी हाक मारत नसे. तिथे तो फक्त कॅचर. व्हर्जिलनं तोंड बंद ठेवलं, पण हात कुणी बंद ठेवायला सांगितला नव्हता. चेंडू चौकटीतून आला असेल तर तो झेललेला हातमोजा क्षणभर तिथेच हवेत धरून ठेवायचा. नसेल तर लगेच जमिनीवर टेकवायचा. मोज्याची हालचाल एवढी जवळ, एवढी मोठी, की बाबांना ती अंधुक का होईना दिसे. दोन रविवारांत लिएंडरचे निकाल पुन्हा पहिल्यासारखे चोख यायला लागले. दोघांत त्यावर एक शब्द झाला नाही. संध्याकाळी गोठ्यात दोघं रेडिओ ऐकत बसत, आणि रेडिओवरचा अंपायर किती मूर्ख आहे यावर दोघांचं एकमत होई.

एक घोळ मात्र होता. अर्धा डाव व्हर्जिल बापाच्या पुढ्यात उकिडवा बसलेला असे. उरलेल्या अर्ध्या डावात त्याचा संघ फलंदाजीला येई, आणि त्या जागेवर पाहुण्यांचा कॅचर बसे. त्या वेळी लिएंडर कानावर चालत असे. मोज्यात चेंडूचा 'फटाक' असा आवाज आला की स्ट्राइक, 'फस्स' आला की बॉल. त्यामुळे ज्या पाहुण्याचा मोजा कडक चामड्याचा, त्याची चंगळ. सेंट उर्सुलाचे एकेक खेळाडू डोक्यावरून गेलेल्या चेंडूंवर बाद होऊन परतायला लागले. म्हणजे व्हर्जिलच्या खऱ्याखुऱ्या साक्षीचा फायदा होत होता तो फक्त पाहुण्यांना.

संघाचा मॅनेजर अँब्रोस. गावात त्याचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं. जुलैत एकदा व्हर्जिल गोठ्याच्या दाराला कडी घ्यायला गेला, तेव्हा अँब्रोसनं दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

"व्हर्जिल, मी काय आंधळा वाटलो तुला?"

"तू नाही," व्हर्जिलच्या तोंडून निघून गेलं.

"हां! तेच म्हणतोय मी!" अँब्रोसनं गल्ल्यावर हात आपटला. "तू मोजा खाली टेकवतोस तेव्हा तुझा बाप बॉल देतो. सहा आठवडे बघतोय. देवानं अंपायर आपल्या हातात आणून दिलाय, आणि तू काय करतोस? खरं सांगतोस! अरे, कुणी सांगितलंय तुला?"

"नाव बाबांचं आहे ना त्या निकालावर."

"मी काय रोज म्हणतोय का? महिन्यातून एखादा चेंडू. अर्धी वीत बाहेर असलेला. तेवढं तर फादरसुद्धा सोडतील."

"फादर सोडतील. बाबा नाही सोडणार."

"त्यांना कळणारच नाही, गाढवा!"

"म्हणून तर," व्हर्जिल म्हणाला, आणि कडी न घेताच परत आला. दोन आठवडे त्यांनी गोठ्याचं दार दोरीनं बांधलं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ऑस्टरडॉर्फच्या मैदानावर सामना होता. जिंकेल तो राज्याच्या स्पर्धेला जाणार. सेंट उर्सुला तिथे अकरा वर्षांत गेलं नव्हतं. आठशे माणसं जमली होती, सॉसेजचा धूर मैदानावर तरंगत होता, आणि बेसवर, म्हणजे होमला परतण्याआधी धावणाऱ्यानं गाठायच्या तीन टप्प्यांवर, नजर ठेवणारा दुसरा अंपायर गवत वाळलं म्हणून गठ्ठे बांधायला निघून गेला होता. सगळा भार एकट्या लिएंडरवर.

शेवटचा डाव. तीन-तीन अशी बरोबरी. ऑस्टरडॉर्फचे दोन गडी बाद, एक जण दुसऱ्या बेसवर. क्लेटस दमला होता. त्याचा चेंडू बॅटवर आला आणि उजवीकडे गवतात गेला. दुसऱ्या बेसवरचा गडी, स्मिसिंगांचा रेमंड, तिसरा बेस ओलांडून होमकडे सुटला. रेमंड म्हणजे अडीच मणाचा गडी, जमीन हादरत होती. उजवीकडून चेंडू आला, एक टप्पा पडून थेट व्हर्जिलच्या मोज्यात. रेमंडनं पाय पुढे टाकून अंग झोकून दिलं. व्हर्जिलनं वळून मोजा आडवा फिरवला. धुळीचा असा ढग उठला की त्यात दोघंही दिसेनासे झाले.

होमला पोचण्याआधी चेंडू धरलेला मोजा रेमंडला लागला असेल तर तो बाद, आणि खेळ पुढे चालू. नसेल लागला तर ऑस्टरडॉर्फ जिंकलं, सेंट उर्सुलाचं वर्ष संपलं.

धूळ बसली. व्हर्जिल गुडघ्यावर, रेमंड पाठीवर. आठशे माणसं लिएंडरच्या हाताकडे बघत होती. हात हलला नाही. एक क्षण गेला, दोन गेले. बाकड्यावरून अँब्रोस ओरडला, "बाद! बाद आहे, लिएंडर!" त्याबरोबर चारशे माणसं 'बाद' आणि चारशे माणसं 'नाबाद' म्हणून ओरडायला लागली.

लिएंडरनं मुखवटा काढला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि डोळे व्हर्जिलच्या खांद्याच्या जरा डावीकडे लागलेले होते. तो वाकला. मुलगा खेळायला लागल्यापासूनच्या एकवीस वर्षांत पहिल्यांदा मैदानावर त्यानं नावानं हाक मारली, "व्हर्जिल."

"अं?"

"लागला का रे?"

व्हर्जिलच्या डोळ्यांपुढून राज्याची स्पर्धा गेली, अकरा वर्षं गेली, स्वतःचे दोन दुखरे गुडघे गेले. पुढच्या वर्षी ते त्याला इथे बसू देतील याची खात्री नव्हती. 'हो' म्हणायला फार तर अर्धा श्वास लागला असता. बाबांनी लगेच मूठ वर केली असती, आणि ते खरं नव्हतं हे त्यांना जन्मात कळलं नसतं.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "चार बोटं राहिली."

लिएंडर ताठ उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून गरजला, "नाबाद!"

ऑस्टरडॉर्फवाले इतके चकित झाले की आनंदानं नाचायचं विसरले. रेमंड जमिनीवरूनच म्हणाला, "खरंच? मला तर वाटलं लागला."

"तुला काय वाटलं ते कुणी विचारलंय?" लिएंडरनं त्याला झापलं. "ऊठ, पाटी झाकली जातेय."

अँब्रोसनं आपली टोपी जमिनीवर टाकली आणि तिच्यावर उभा राहिला. क्लेटस नुसता बघत होता. नंतर तो व्हर्जिलजवळ आला, काहीतरी जहरी बोलायला तोंड उघडलं, आणि शेवटी म्हणाला, "तीन बोटं होती रे. चार नव्हती."

पिकअपपाशी आल्यावर लिएंडरनं किल्ली खिशातून काढून मुलापुढे धरली. असंही कधी झालं नव्हतं. व्हर्जिल चालवायला बसला. पाच मैल मागे पडले.

"कधीपासून कळलं तुला?" लिएंडरनं विचारलं.

"जूनपासून. तो धुळीचा चेंडू."

"मला मार्चपासून." थोड्या वेळानं तो पुढे म्हणाला, "सगळे बरोबर सांगितलेस. एक सोडून."

"कुठला एक?"

"चौदा जुलै, चौथा डाव. त्यांचा तो डावखुरा उभा होता. तू मोजा खाली टेकवलास. ती स्ट्राइक होती."

"बाबा, वीतभर बाहेर होता तो!"

"आतली कड घासून गेला होता."

"तुम्हाला दिसत नव्हतं!"

"ऐकू येत होतं ना! फटाक असा आवाज आला होता."

"मोजा माझा, हात माझा, डोळे माझे, आणि मलाच सांगताय?"

"तुझे डोळे आईवर गेलेत. तिलाही आतली कड कळत नाही."

घर आलं तरी भांडण चालूच होतं. फिलोमिनानं खिडकीतून पाहिलं, तर पिकअप अंगणात उभी, आणि आत दोघं जण हातांनी हवेत चौकटी आखत एकमेकांवर ओरडतायत. तिनं जेवणाची ताटं परत ओव्हनमध्ये ठेवून दिली. पाऊण तासानं दोघं आत आले. लिएंडर खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "त्या डोळ्यांच्या डॉक्टरला फोन कर. व्हर्जिल येणार आहे बरोबर. त्याचेही तपासून घेऊ."

मोतीबिंदू होते, दोन्ही डोळ्यांत. नोव्हेंबरात एक काढला, जानेवारीत दुसरा, आणि वर भिंगासारखा जाड चष्मा आला. चष्मा घालून लिएंडर घरी आला तेव्हा दारातच थांबला.

"फिलोमिना, स्वयंपाकघर पिवळं कधी केलं?"

"तीन वर्षं झाली. रंग तुम्हीच दिलात."

मग त्यानं मुलाकडे पाहिलं. बराच वेळ. "टोपी काढ," तो म्हणाला. व्हर्जिलनं काढली. "अरे देवा," लिएंडर हळहळला, "केस कुठे गेले सगळे? मला सांगायचंस तरी!"

डॉक्टरनं एक अट घातली होती. वर्षभर डोळ्यांत धूळ जाता कामा नये. म्हणजे होमच्या मागे उभं राहायचं नाही. मे महिन्यात पहिला सामना आला, तो पाहायला लिएंडर एकतीस वर्षांत पहिल्यांदा लाकडी पायऱ्यांवर प्रेक्षकांत जाऊन बसला. व्हर्जिलच्या गुडघ्यांनी आणखी एक वर्ष कबूल केलं होतं. तो कॅचरच्या जागेवर होता. दर चेंडूनंतर त्याची नजर पायऱ्यांकडे जायची. बाबा हात मांडीवर ठेवून प्रार्थनेला बसल्यासारखे बसले होते. कुणाची बाजू घ्यायची नाही ही सवय अंगात इतकी मुरली होती, की शेजारचे लोक ओरडायला लागले की ते संकोचून बाजूला सरकत.

तिसऱ्या डावात व्हर्जिल फलंदाजीला आला. दुसराच चेंडू त्यानं असा फटकावला की तो थेट कुंपणाला लागला, आणि त्या गुडघ्यांवर धावत, लंगडत, शेवटचे दोन हात सरपटत तो दुसऱ्या बेसवर पोचला. उठून धूळ झटकली आणि पायऱ्यांकडे पाहिलं. बाबा उभे होते. आधी त्यांनी एकदा टाळी वाजवली, आपलाच आवाज ऐकून दचकल्यासारखे इकडेतिकडे पाहिलं. मग दुसरी वाजवली. मग दोन्ही मुठी वर करून ते असे ओरडले, की दोन रांगा खाली बसलेल्या अँब्रोसच्या बायकोच्या हातातला बन उडाला.

"माझा मुलगा आहे तो!" लिएंडर शेजाऱ्याला सांगत होता. शेजारी त्याला चाळीस वर्षं ओळखत होता. "ह्या वयात! बघितलंस का?"

बांध फुटला तो फुटलाच. पाचव्या डावापर्यंत लिएंडरनं सगळ्या मैदानाचं तोंड बंद करून टाकलं, कारण दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच उरली नाही. नवा अंपायर बिचारा शहरातून आलेला, बँकेत नोकरी करणारा, इस्त्रीची पँट घातलेला. त्यानं व्हर्जिलविरुद्ध एक स्ट्राइक दिली.

"अरे, ती चौकट आहे की गोठ्याचं दार?" वरून आवाज आला. "पट्टी देऊ का मोजायला?"

अंपायरनं दुर्लक्ष केलं. पुढचा चेंडू. पुन्हा स्ट्राइक.

"बँकेत पण असंच मोजतोस का रे? मग माझे पैसे आजच काढून घेतो!"

लोक खो खो हसले. अंपायरचे कान लाल झाले. तो मागे वळला आणि त्यानं बोट दाखवलं. "आजोबा, तुम्ही. मैदानाबाहेर."

"मी?" लिएंडर म्हणाला. "मला काढतोस? मला?"

"नियम सत्तावीस. प्रेक्षकांनी—"

"सत्तावीस नाही, अठ्ठावीस! नियम तरी नीट पाठ कर!"

व्हर्जिलनं बॅट टाकली आणि तो अंपायरपुढे जाऊन उभा राहिला. मैदानावर आयुष्यात त्यानं कुठल्याही अंपायरशी हुज्जत घातली नव्हती. घरीच अंपायर असल्यामुळे ती सोय नव्हती. "हे बघा साहेब, ते म्हातारे आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आणि दुसरं म्हणजे ते बरोबर सांगतायत. दोन्ही चेंडू बाहेर होते. वीतभर."

"तुम्हीही बाहेर," अंपायर म्हणाला.

अँब्रोसनं टोपी काढून जमिनीवर टाकायला हात वर केला, मग विचार बदलून ती परत डोक्यावर घातली.

मैदानाबाहेर, डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे व्हर्जिलनं पिकअप उलटी लावली. दोघं मागच्या फळीवर पाय सोडून बसले. फिलोमिनानं कुंपणावरून दोन सॉसेज आणि एक बिअर त्यांच्याकडे सरकवली, दोघांत एक, आणि परत जागेवर जाऊन बसली. इथून होमची पाटी साठ वाव तरी लांब होती.

"त्या दोनातला दुसरा," लिएंडर घास चावत म्हणाला, "खरं सांगायचं तर स्ट्राइक होती."

"बाबा!"

"आतली कड."

"मग ओरडलात कशाला?"

लिएंडरनं बिअरचा घोट घेतला, बाटली मुलाकडे दिली आणि चष्मा नाकावर नीट बसवला. "मला एकतीस वर्षं ओरडायचं होतं," तो म्हणाला. "गप्प बस आता, क्लेटस टाकतोय."